विश्लेषण : फ्लीसच्या दशा निघत नाहीत, मग ब्लँकेटची कड शिवायची कशाला?

थंडीची चाहूल लागली की कापडाच्या दुकानांत फ्लीसचे तागे पुढे येतात. पन्हा साधारण ६० इंच, त्यामुळे दोन मीटर कापड घेतले की एका माणसाचे ब्लँकेट तयार. कापून आणले आणि अंगावर घेतले, इतके ते सोपे. तरीही घरी ब्लँकेट करणाऱ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते : कडांचे काय करायचे?

फ्लीस विरत का नाही?

सुती साडी किंवा चादर मागावर विणलेली असते. उभे आणि आडवे धागे एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. कात्री लागली की कडेचे धागे सुटतात, दशा निघतात. म्हणूनच जुन्या साड्यांची गोधडी करताना कड आत दुमडतात किंवा वरून पट्टी लावतात. फ्लीसचे तसे नाही. ते बनियनच्या कापडासारखे, फासात फास अडकवून तयार होते. मग ते ब्रशसारख्या दातांनी खरवडून त्यावर लव उभी केली जाते. हे तंतू एकमेकांत इतके गुंततात की कापलेली कड आहे तशी राहते.

हे कापड तसे अलीकडचे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स गावच्या माल्डन मिल्सने १९७० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिस्टरपासून ते तयार केले. नाव मेंढीच्या लोकरीचे असले तरी त्यात लोकर नाही.

मग कड न शिवता चालेल?

एकेरी ब्लँकेट असेल आणि धारदार कात्रीने सरळ कापले असेल, तर खुशाल चालेल. धागे सुटण्याची भीती दाखवून पट्टी लावायला सांगणाऱ्यांचे ऐकायचे कारण नाही. मात्र ताग्याची मूळ किनार आधी कापून टाकावी. ती बऱ्याचदा ताठर असते, गुंडाळी होते आणि तिच्यावर भोके किंवा छपाई असते.

कड शिवण्याची खरी कारणे दुसरी आहेत. फ्लीस ताणते, विशेषतः पन्ह्याच्या दिशेने; रोज ओढून-ओढून मोकळी कड पसरट होते. दोन थरांचे ब्लँकेट असेल तर थर एकत्र धरायला काही तरी हवेच. आणि भेट द्यायची असेल तर कडेवरच हात दिसतो. पण या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : पांघरणार कोण?

गाठींचे ब्लँकेट

अमेरिकेत शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे करतात ते न शिवलेले, गाठींचे ब्लँकेट. आजारी किंवा संकटातल्या मुलांना हाताने केलेली ब्लँकेट देणारी ‘प्रोजेक्ट लायनस’ ही संस्था तिथे १९९५ पासून काम करते. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ चित्रमालिकेतला, ब्लँकेट कधीही हातावेगळे न करणारा लायनस हे तिच्या नावाचे मूळ. अशा दानासाठी गाठींची पद्धत सोयीची, कारण मशीन लागत नाही.

फ्लीसचे दोन थर एकावर एक ठेवायचे. चारही कोपऱ्यांतून ४ इंचांचा चौकोन कापायचा. मग कडेने १ इंच रुंद आणि ४ इंच लांब पट्ट्या कापून वरची पट्टी खालच्या पट्टीशी बांधत जायचे. गाठी फार आवळल्या तर ब्लँकेट चुरगळून वाटीसारखे होते. शिवाय ४ इंच प्रत्येक बाजूने झालरीत जातात, म्हणजे ६० इंचांच्या कापडातून अंगावर यायला ५२ इंचच उरतात. सहा फुटी माणसासाठी कापड घेताना हा हिशेब हमखास चुकतो.

बाळासाठी झालर नको

बारशाला घरी केलेले ब्लँकेट द्यायची हौस मोठी असते, आणि नेमके तिथेच गाठी, गोंडे आणि झालर टाळायला हवी. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. त्याहून लक्षात न येणारा धोका सुट्या दोऱ्याचा. दोरा किंवा केस बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो. बाळ रडत राहते आणि कारण पायमोज्यात दडलेले असते. सैल टाक्यांची नक्षीदार कड म्हणूनच बाळाच्या ब्लँकेटला चांगली नाही. कड दुमडून, बारीक टाक्यांनी, सगळी टोके आत घेऊन शिवलेली हवी.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला तर याच्याही पुढे जातो : पहिले १२ महिने बाळ झोपते त्या जागी सुटे ब्लँकेटच नको, कारण ते तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. ब्लँकेट जागेपणी मांडीवर घेताना किंवा जमिनीवर अंथरायला वापरावे. भेट देणाऱ्याने हे आईच्या कानावर घालायला संकोचू नये.

मशीनवर लाटा का येतात?

फ्लीस शिवताना सगळ्यात जास्त वैताग येतो तो कडेला पडणाऱ्या लाटांचा. मशीनचा फूट वरचा थर दाबून पुढे ढकलतो, खालचे दाते खालचा थर ओढतात, आणि मध्ये कापड ताणले जाते. त्यात शिवणारा मागून ओढत असेल तर लाटा पक्क्या. उपाय साधे आहेत. फुटाचा दाब कमी करता येत असेल तर करावा. टाका ३ ते ४ मिलिमीटर लांब ठेवावा. होजिअरीसाठी मिळणारी बोथट टोकाची, १४ नंबरची सुई आणि पॉलिस्टर दोरा वापरावा. कापड हाताने फक्त दिशेला लावावे, ओढू नये.

कड १ इंच दुमडून झिगझॅग मारला तर टाकाही कापडाबरोबर ताणतो. घरच्या काळ्या पायमशीनवर झिगझॅग नसतो. तिथे लांब सरळ टाका चालतो. ब्लाउज-ड्रेस शिवणाऱ्यांकडे इंटरलॉक करून घेणे हा सर्वांत स्वस्तातला मार्ग, फक्त आधी एका तुकड्यावर करून पाहायला सांगावे. सॅटिनची पट्टी हवीच असेल तर ती उरेब कापलेली घ्यावी. सरळ पट्टी ताणत नाही आणि फ्लीस तिच्याभोवती चुण्या पाडते. काम झाल्यावर बॉबिनच्या खाली साठलेला तंतूंचा भुसा ब्रशने काढायला विसरू नये.

हाताने करायचे तर

गोधडीचा धावदोरा सगळ्यांना येतो, पण फ्लीसच्या कडेला तो योग्य नाही. कापड ताणले की दोरा तुटतो किंवा कड गोळा होते. इथे ब्लँकेट टाकाच घ्यावा. सुई कडेपासून थोडी आत घालून बाहेर काढताना दोरा सुईखाली ठेवायचा. प्रत्येक टाक्याचा फास कडेवर बसतो आणि त्याला ताणायला वाव राहतो. मोठ्यांच्या ब्लँकेटला टाक्यांत १ सेंटिमीटर अंतर पुरे. भरतकामाचा गडद दोरा आधी भिजवून रंग जातो का ते पाहावे. क्रोशाची किनार करायची असेल तर याच टाक्यांच्या फासांत पहिली ओळ घेता येते; त्यासाठी ॲक्रिलिक दोरा बरा. खरी लोकर धुण्यात आटते, फ्लीस आटत नाही, आणि किनार आत ओढली जाते.

सुलट-उलट बाजू कळत नसेल तर कापलेली कड पन्ह्याच्या दिशेने ताणावी. ती ज्या बाजूला वळते ती उलट बाजू. दुमड घालताना मात्र इस्त्रीचा मोह टाळावा. गरम इस्त्रीने पॉलिस्टरची लव चपटी होऊन चकाकते आणि ती परत उभी राहत नाही. टाचण्या लावून बोटांनी दाबत गेले तरी कड बसते. फ्लीस शेकोटी आणि गॅसपासूनही लांब ठेवावे : ते पेटले तर वितळून कातडीला चिकटते.