ट्रॅक्टर धुतल्याचे पाणी तलावात नको

चिखलणी आटोपली की पोंभुर्णा तालुक्यात ट्रॅक्टर धुण्याची घाई सुरू होते. कोणी मिस्त्रीच्या गॅरेजसमोर धुतो, तर कोणी सरळ तलावाच्या पाळीवर नेऊन उभा करतो. इंजिनाचे काळे ऑइल, ग्रीस, डिझेल सारे उताराने खाली जाते. खाली असतो मामा तलाव. त्याच पाण्यावर धानाच्या बांध्या भिजतात, जनावरे पितात, ढिवर बांधव मासोळीचे बीज सोडतात. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की हवेतला प्राणवायू पाण्यात नीट उतरत नाही.

नदी-नाल्यात किंवा शेतात सोडायच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे पर्यावरण संरक्षण नियम, 1986 मधील मानक आहे. आता हिशेब करा. एक लिटर ऑइल सुमारे 900 ग्रॅम भरते. ते या मर्यादेत बसवायला 90 हजार लिटर पाणी लागेल!

चंद्रपूर-बल्लारपूर भागातील कोळसा खाणींच्या वर्कशॉपमध्ये डंपर धुतलेले पाणी तेल-ग्रीस अडवणाऱ्या टाक्यांतून न्यावे लागते. खाणीची टाकी मोठी, पण तत्त्व साधेच. तेल हलके, ते वर येते. पाणी खालून काढून घ्यायचे.

गॅरेजला दोन कप्प्यांची पक्की टाकी पुरते. पहिल्यात चिखल बसतो, दुसऱ्यात तेल तरंगते. बाहेर जाणाऱ्या पाइपाला एल्बो लावून त्याचे तोंड खाली, पाण्याच्या आत ठेवावे. पाणी किमान अर्धा तास थांबले पाहिजे. पाइपातून मिनिटाला 20 लिटर पाणी येत असेल तर 600 लिटरची जागा हवी. वर झाकण पाहिजेच, नाही तर पावसाच्या एका सरीत साचलेले सारे तेल तलावात!

खरी अडचण साबणाची आहे. निरमा टाकून धुतले की तेलाचे बारीक कण होऊन पाण्यात मिसळतात. मग ते वर येत नाहीत, टाकी असून नसल्यासारखी. म्हणून आधी आरा गिरणीचा भुसा टाकून सांडलेले ऑइल टिपावे, ग्रीस फडक्याने पुसावे, मग साध्या पाण्याने धुवावे. खानावळीच्या नालीचेही तसेच. गरम पाण्याने तूप-तेल वितळून पुढे जाते आणि नालीत थिजते.

प्रत्येकाने आपल्या दारी टाकी बांधावी, ही अपेक्षा काही खरी नाही. ग्रामपंचायतीने तलावापासून दूर धुण्याचा एकच ओटा बांधून त्याला टाकी जोडावी. आठवड्यातून एकदा तवंग काढायचे काम मात्र कोणाच्या तरी नावावर लावून द्यावे.

काढलेले तेल आणि तेलकट भुसा झाकणाच्या ड्रममध्ये वेगवेगळा ठेवावा. तेल प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे. वाळवी लागू नये म्हणून खांबांना काळे ऑइल फासायची आपल्याकडे रीत आहे. पण त्यात इंजिन झिजून आलेले धातू असतात. गोठ्यातल्या खुंट्याला आणि गव्हाणीला तरी ते लावू नये.