सहा आकड्यांची ज्या

1993 साली आलेल्या ‘डूम’ या गेममध्ये राक्षसांपेक्षा मजेदार गोष्ट आत दडलेली होती: साइनच्या 10,240 तयार किमती. वर्तुळाचे 8192 भाग केलेले. वरच्या 2048 नोंदी अशासाठी, की त्याच कोष्टकात पाव वर्तुळ पुढे सरकून वाचले की कोसाइनही मिळते. तेव्हाच्या अनेक घरगुती संगणकांत दशांश अपूर्णांकांचे गणित करणारे वेगळी यंत्रणाच नसे. खेळ चालू असताना साइन मुळापासून काढत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून आधी काढून ठेवायचे, ऐनवेळी नुसते वाचायचे.

पण कोष्टक किती मोठे करायचे? मधल्या किमती त्रैराशिकाने भरल्या, तर छोटे कोष्टकही पुरते. यालाच अंतर्वेशन म्हणतात. दर अंशाला एक साइन ठेवली, तरी त्रैराशिकाची चूक 0.00004 च्या आत राहते. नोंदींतले अंतर निम्मे केले की चूक पाव होते.

माझ्या मते यातली सर्वांत चलाख काटकसर गणिती ब्रह्मगुप्ताची. आर्यभटाने दर 225 कलांना (60 कलांचा एक अंश) एक अशा 24 ज्या, म्हणजे साइन गुणिले त्रिज्या, दिल्या होत्या. ब्रह्मगुप्ताने इ.स. 665 च्या ‘खंडखाद्यका’त 150 ची त्रिज्या घेऊन सहाच आकड्यांवर भागवले. दर 15 अंशांना ज्या कितीने वाढते, ते हे आकडे: 39, 36, 31, 24, 15, 5.

आता 40 अंशांची ज्या काढू. 30 अंशांपर्यंत 39 आणि 36 मिळून 75 झाले. पुढच्या 31 च्या खंडात दोन-तृतीयांश वाट चालायची आहे. साधे त्रैराशिक सांगते 95.67; खरी किंमत 96.42. ब्रह्मगुप्ताने हेरले की वाढ स्वतःच आटत चालली आहे. म्हणून त्याने गतखंड (मागच्या खंडातली वाढ) 36 आणि भोग्यखंड (चालू खंडातली वाढ) 31 यांची सरासरी घेतली, 33.5. दोघांतल्या फरकाचे निम्मे 2.5, त्याचे दोन-तृतीयांश 1.67, ते वजा केले. उरलेल्या 31.83 चे दोन-तृतीयांश 21.22. उत्तर 96.22. म्हणजे चूक पाऊण एककावरून 0.2 वर आली, तीही कोष्टकात एकही आकडा न वाढवता!

आजच्या संगणकांना हा हिशेब पुन्हा मानवू लागला आहे. प्रोसेसरला एक गुणाकार त्याच्या घड्याळाच्या चार-पाच ठोक्यांत जमतो, पण मुख्य मेमरीतून एक आकडा आणायला शेकडो ठोके लागू शकतात. प्रोसेसरजवळच्या चिमुकल्या कॅशमध्ये न मावणारे अगडबंब कोष्टक उलट काम रेंगाळवते. तिथे नोंदी थोड्या आणि सूत्र जरा वरच्या दर्जाचे, हेच बरे.

अर्थात वक्र सौम्य असेल तरच. 90 अंशांच्या जवळ टॅन इतक्या वेगाने उसळते, की लॉग टेबलच्या अनेक पुस्तकांत तिथले मधल्या किमती काढण्यासाठीचे ‘मीन डिफरन्स’चे रकाने कोरेच सोडलेले असतात.