कलत्या नळीचा हिशेब

घरी बिअर बनवणाऱ्याची अडचण झाकणापाशी सुरू होते. आत यीस्ट अजून साखर खातंय की थांबलंय, हे कळायला द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर लागतो. त्याला नमुना हवा, आणि नमुना काढायला झाकण उघडलं की बाहेरची हवा नि जंतू आत शिरण्याची भीती. म्हणून बहुतेक जण सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा मोजत. मधले दिवस अंदाजावर जात.

यावर जर्मनीतल्या हौशी मंडळींनी 2017च्या सुमारास तोडगा पुढे आणला, तो 'आयस्पिंडल'. हा हायड्रोमीटर पहिल्या दिवसापासून भांड्यातच तरंगत राहतो आणि वायफायवरून हालहवाल कळवतो. त्याचं कवच म्हणजे पेट प्रीफॉर्म: फुगवून बाटली करण्याआधीची जाड, फिरकीच्या झाकणाची नळी. आत 18650 आकाराचा लिथियम सेल, ईएसपी8266 चिपचा छोटा बोर्ड, झुकाव ओळखणारा एमपीयू6050 आणि तापमान सांगणारा डीएस18बी20. सगळे भाग बाजारात सहज मिळणारे. सोल्डरिंग येत असलं की झालं.

युक्ती वजनाच्या मांडणीत आहे. नळी साध्या पाण्यात उभ्या रेषेपासून साधारण 25 अंश कलेल, असं आतलं वजन सरकवून घेतात. पाण्यात साखर विरघळली की द्रव दाट होतो, नळी वर उचलली जाते आणि अधिक आडवी होते. यीस्ट साखर संपवत जातं, पाण्याहून हलकं अल्कोहोल तयार होतं, तशी नळी पुन्हा उभी व्हायला लागते. पाण्याच्या तुलनेत घनता 1.050 वरून 1.010 वर उतरली, तर बिअरमध्ये साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल तयार झालं असं धरतात.

पण कोनाची घनता करायची कशी? प्रत्येक नळीचं वजन थोडं वेगळं बसतं, म्हणून ज्याने त्याने आपल्या नळीचं कोष्टक स्वतः बनवायचं. 900 ग्रॅम पाण्यात 100 ग्रॅम साखर घातली की 10 अंश प्लेटो, म्हणजे वजनाने 10 टक्के साखर. अशी कमी-जास्त गोडीची पाच-सहा द्रावणं करून प्रत्येकातला कोन टिपायचा आणि त्यावरून निघालेलं सूत्र नळीत भरायचं. एरवी आतली चिप झोपून असते. ठरावीक वेळाने, उदाहरणार्थ दर 15 मिनिटांनी, जागी होते, मोजते, आकडे पाठवते आणि पुन्हा झोपते. त्यामुळे एका चार्जवर कित्येक आठवडे निघतात.

दोषही आहेत. फेस नळीला चिकटला किंवा बुडबुड्यांनी तिला ढकललं की कोन चुकतो. स्टीलच्या बंद भांड्यातून वायफाय बाहेर येताना अडखळतं. त्यामुळे घनतेच्या तिसऱ्या दशांश स्थळावर विसंबू नये. तिची खरी कमाई आलेखात आहे: आंबवण कधी जोर धरते, कधी मंदावते, आतलं तापमान कधी चढतं. रेषा बरीच खाली न उतरता मध्येच सपाट झाली, तर यीस्ट अडकलंय हे वेळीच कळतं.

कोड आणि आराखडे सर्वांसमोर असल्याने त्याच हार्डवेअरसाठी 'ग्रॅव्हिटीमॉन'सारखं दुसरं सॉफ्टवेअरही निघालं. मात्र मूळ निर्मात्याने व्यापारी वापराला मनाई केली आहे; काटेकोर मंडळी आयस्पिंडलला मुक्त सॉफ्टवेअर म्हणणार नाहीत. घरी बसून नळी जोडणाऱ्याचं या मनाईने काही अडत नाही. त्याने एवढंच पाळावं: रेषा दोन-तीन दिवस सपाट राहिली, तरी बाटल्या भरण्याआधी काचेच्या हायड्रोमीटरने खात्री करावी. साखर उरली असेल, तर बंद बाटलीत वायूचा दाब वाढून ती फुटू शकते.