नोंदी किती, आणि परिणाम किती?

दर फेब्रुवारीत चार दिवस देशभर पक्षिगणना होते. त्या दिवसांत मी गोव्यातील करमळीच्या तळ्याकाठी जातो. किमान पंधरा मिनिटे थांबून दिसलेले पक्षी मोजायचे व यादी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर नोंदवायची, एवढेच काम. सामान्य माणसांच्या अशा सहभागातून होणाऱ्या संशोधनाला नागरिक विज्ञान म्हणतात. गणना संपल्यावर सहभागी किती, याद्या किती हे आकडे जाहीर होतात. त्यांतून उत्साह कळतो. परिणाम कळत नाही. परिणामाचे मोजमाप तीन ठिकाणी करावे लागते.

पहिले, ज्ञानात. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या 2023 च्या अहवालात 30 हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे 3 कोटी नोंदींवरून 942 जातींचा आढावा घेतला आहे. निरीक्षक वाढले की नोंदी वाढणारच. त्यावरून पक्षी वाढले असे म्हणता येत नाही. म्हणून दर शंभर याद्यांपैकी किती याद्यांत ती जात आहे, हे पाहतात. त्यासाठी यादी पूर्ण हवी. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, अगदी कावळासुद्धा, तीत आला पाहिजे. तरच ‘दिसला नाही’ यालाही अर्थ येतो. चिमण्या देशातून नाहीशा होत आहेत, हा समज अशाच याद्यांवरून तपासता आला. 2020 च्या अहवालानुसार देशभरात त्यांची संख्या साधारण स्थिर आहे. घट आहे ती मोठ्या शहरांत.

दुसरे, निर्णयांत. 2023 च्या अहवालाने 178 जातींना संवर्धनात अग्रक्रम दिला. पण अशी यादी म्हणजे परिणाम नव्हे. तिच्यामुळे एखाद्या गवताळ माळाचा वा पाणथळीचा आराखडा बदलला का, हे काही वर्षांनी तपासावे लागते.

तिसरे, माणसांत, आणि हे सर्वांत अवघड. गणनेला येणाऱ्यांना पक्ष्यांची आवड बहुधा आधीपासूनच असते. त्यामुळे सहभागापूर्वी व नंतर तेच प्रश्न विचारावे लागतात. शिवाय सहभागी न झालेल्यांनाही. माझ्यापुरते सांगतो. पूर्वी तळ्यावरचा प्रत्येक पक्षी मला नुसता बदक वाटे. आता अडई, तलवार बदक, कमळपक्षी अशी नावे सहज तोंडी येतात. पण पूर्वी मला किती नावे ठाऊक होती, हे कोणी लिहून ठेवले नव्हते, मीही नाही. त्यामुळे हा बदल पुरावा म्हणून धरता येत नाही.

पुढच्या गणनेत शाळकरी मुले येणार असतील, तर आधी त्यांना दहा पक्ष्यांची चित्रे दाखवून मराठी नावे लिहून घ्यावीत. वर्षभराने तीच चित्रे पुन्हा दाखवावीत. भाषेवर झालेला परिणाम मोजायला एवढी सुरुवात पुरे.