अमेरिकेतील सेना व समाज

अमेरिकेतील सेना व समाज : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राष्ट्रीय जीवनावर सैन्याने घडविलेले परिणाम आणि सैन्यावर समाजाने ठेवलेले नियंत्रण, असा या विषयाचा दुहेरी आशय आहे. खड्या सैन्याविषयीच्या अविश्वासातून जन्मास आलेले हे प्रजासत्ताक पुढे जगातील सर्वाधिक सैनिकी खर्च करणारे राष्ट्र बनले. या स्थित्यंतरात मुलकी सत्तेची श्रेष्ठता टिकून राहिली. तथापि युद्धाचा भार उचलण्यातील सामान्य नागरिकाचा आणि युद्धाचा निर्णय घेण्यातील त्याच्या प्रतिनिधींचा वाटा उत्तरोत्तर कमी होत गेला.

संविधानिक पार्श्वभूमी : ब्रिटिश सरकारने शांततेच्या काळातही वसाहतींत सैन्य ठेवले होते. मार्च १७७० मध्ये बॉस्टन येथे या सैन्याच्या गोळीबारात पाच नागरिक मृत्युमुखी पडले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात (१७७६) राजावर ठेवलेल्या दोषारोपांत, विधिमंडळांच्या संमतीवाचून खडे सैन्य ठेवल्याचा आणि सैनिकी सत्ता मुलकी सत्तेहून वरचढ केल्याचा आरोप आहे. युद्ध जिंकल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी डिसेंबर १७८३ मध्ये ॲनापोलिस येथे काँग्रेसपुढे आपल्या सेनापतिपदाचा राजीनामा दिला. पुढील वर्षी २ जून रोजी काँग्रेसने केवळ ८० सैनिक राखून उर्वरित सैन्य मोडले. मात्र दुसऱ्याच दिवशी पश्चिम सरहद्दीसाठी चार राज्यांकडून नागरी सेनेचे (मिलिशियाचे) ७०० लोक मागविणे तिला भाग पडले. सैन्याचे भय आणि सैन्याची गरज यांतील हा पेच १७८७ च्या संविधानाने अधिकारांची विभागणी करून सोडविला. अध्यक्ष हा सरसेनापती. परंतु युद्ध पुकारण्याचा, सैन्य उभारण्याचा व त्यासाठी पैसा मंजूर करण्याचा अधिकार काँग्रेसचा. भूसेनेसाठी एका वेळी दोन वर्षांहून अधिक मुदतीची आर्थिक तरतूद करता येत नाही. १७९१ च्या तिसऱ्या दुरुस्तीने शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीशिवाय त्याच्या घरी सैनिक उतरविण्यास बंदी केली.

राष्ट्रउभारणीतील कार्य : एकोणिसाव्या शतकात सैन्य लहान होते, पण त्याचा प्रभाव त्याच्या संख्येच्या मानाने फार मोठा होता. वेस्ट पॉइंट येथील सैनिकी अकादमी (स्थापना १८०२) ही देशातील पहिली अभियांत्रिकी शिक्षणसंस्था ठरली. १८२४ च्या कायद्यान्वये रस्ते व कालवे यांच्या पाहणीसाठी सैन्यातील अभियंत्यांचा उपयोग करण्यात येऊ लागला; प्रारंभीच्या लोहमार्गांची आखणीही त्यांपैकी अनेकांनी केली. नद्यांचे नौकानयन व पूरनियंत्रण ही कामे सैन्याच्या अभियांत्रिकी दलाकडे आजही आहेत. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत बंदुकांचे भाग अचूक मापाने व परस्परांऐवजी वापरता येतील असे बनविण्याचे तंत्र विकसित झाले. तेच पुढे शिलाई यंत्रे व सायकली यांच्या कारखान्यांत पोहोचले आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा पाया घातला गेला.

याच सैन्याने मूळच्या इंडियन जमातींना त्यांच्या भूमीवरून हुसकावले. १८३० च्या स्थलांतर कायद्यानंतर १८३८ मध्ये चेरोकी लोकांना सक्तीने पश्चिमेकडे नेण्यात आले. त्या प्रवासात हजारो लोक मरण पावले. डिसेंबर १८९० मध्ये वूंडेड नी येथे सैन्याने लाकोटा जमातीच्या स्त्रियांमुलांसह शेकडो लोकांची हत्या केली. गोऱ्या वसाहतकऱ्यांना ज्या सैन्याने रस्ते दिले, त्यानेच मूळ रहिवाशांचे स्वातंत्र्य हिरावून घेतले.

यादवी युद्ध व नंतरचा काळ : यादवी युद्धात (१८६१–६५) सहा लाखांहून अधिक लोक मरण पावले. उत्तरेच्या भूसेनेत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले व त्यांच्या सेवेमुळे नागरिकत्वाच्या त्यांच्या मागणीस बळ मिळाले. १८६३ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात ३०० डॉलर भरून सेवेतून सुटण्याची सोय होती. गरिबांना ती परवडणारी नव्हती. त्याविरुद्ध न्यूयॉर्क शहरात जुलै १८६३ मध्ये भीषण दंगे झाले व त्यांत कृष्णवर्णीयांवर निर्घृण हल्ले करण्यात आले. सैनिकी भाराच्या न्याय्य वाटणीचा प्रश्न तेव्हापासून वारंवार उपस्थित झाला. युद्धानंतर १८६७ मध्ये दक्षिणेतील दहा राज्ये पाच सैनिकी विभागांत घालून तेथे कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे संरक्षण करण्यात आले. सैन्य मागे घेतले जाताच हे संरक्षण कोसळले. १८७८ च्या कायद्याने मुलकी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी भूसेनेच्या वापरावर निर्बंध आले. नागरी स्वातंत्र्याचे रक्षण करणाऱ्या या कायद्यामागे दक्षिणेतील गोऱ्यांचा केंद्रसत्तेविरुद्धचा रोष होता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

महायुद्धे व कायमची सज्जता : प्रत्येक युद्धानंतर सैन्य घटविण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. १९३९ मध्ये भूसेनेत सुमारे १,९०,००० सैनिक होते. दुसऱ्या महायुद्धात एकूण सुमारे १·६ कोटी स्त्रीपुरुषांनी सैनिकी सेवा केली. १९४४ च्या माजी सैनिक कायद्याने त्यांना शिक्षण, गृहकर्ज इ. सवलती दिल्या. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षणाचा लाभ घेतला व त्यांतून एक विस्तृत मध्यमवर्ग निर्माण झाला. कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मात्र स्थानिक अधिकारी व बँका यांच्या भेदभावामुळे या सवलतींचा पुरेसा लाभ मिळाला नाही. युद्धकाळातच १९४२ च्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना सैन्याने छावण्यांत हलविले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. उलट १९४८ मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या आदेशाने सैन्यातील वर्णभेद संपविण्यास प्रारंभ झाला. शाळांतील वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला, तो त्यानंतर सहा वर्षांनी.

शीतयुद्धामुळे सज्जता कायमची झाली. १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने तिन्ही दलांची एकत्र व्यवस्था करण्यात आली. सैन्याच्या देखरेखीखाली पार पडलेल्या अणुबाँब प्रकल्पापासून विज्ञान व सेना यांचे साहचर्य दृढ झाले. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले आर्पानेट (१९६९) व उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची जीपीएस यंत्रणा ही त्याची फळे होत. कारखाने, विद्यापीठे व मतदारसंघ सैनिकी कंत्राटांवर विसंबू लागले. स्वतः सेनापती असलेले अध्यक्ष ड्वाइट आयझनहौअर यांनी १७ जानेवारी १९६१ रोजीच्या निरोपाच्या भाषणात या हितसंबंधांना ‘सैनिकी-औद्योगिक संयुग’ असे नाव देऊन त्यांच्या अवाजवी प्रभावाविषयी देशास सावध केले.

व्हिएटनाम व स्वेच्छा सेना : मुलकी सत्तेचे वर्चस्व १९५१ मध्ये कसोटीस उतरले. कोरियातील युद्धधोरणास उघड विरोध करणारे लोकप्रिय सेनापती डग्लस मॅक्‌आर्थर यांना ट्रूमन यांनी पदच्युत केले व सैन्याने तो निर्णय निमूटपणे मानला. परंतु काँग्रेसचा अधिकार मात्र क्षीण होत गेला. १९४२ नंतर तिने विधिवत युद्धघोषणा केलेली नाही. कोरियाचे युद्ध (१९५०–५३) घोषणेवाचून लढले गेले, तर व्हिएटनामसाठी १९६४ चा एक मोघम ठराव आधारभूत मानण्यात आला. व्हिएटनाममध्ये सुमारे ५८,००० अमेरिकन सैनिक मरण पावले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भरतीत सवलत असल्याने भार मुख्यतः श्रमिक व गरीब कुटुंबांवर पडला. विरोधी चळवळ देशभर पसरली. मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात राष्ट्रीय रक्षक दलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि त्याच वर्षी काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकार ठराव संमत केला.

स्वेच्छा सेना अधिक कुशल ठरली. १९७३ नंतर स्त्रियांचे प्रमाण वाढले व २०१५ मध्ये लढाऊ कामांसह सर्व पदे त्यांना खुली करण्याचा निर्णय झाला. तथापि नियमित सेवेतील सुमारे १३ लाख सैनिक लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहेत. सप्टेंबर २००१ मध्ये दिलेल्या एकाच संमतीच्या आधारे पुढील दोन दशके अनेक देशांत सैनिकी कारवाया झाल्या; अफगाणिस्तानातील युद्ध २०२१ पर्यंत चालले. हे युद्ध लढणाऱ्यांपैकी अनेकांना पुनःपुन्हा रणभूमीवर जावे लागले, तर बहुसंख्य नागरिकांच्या दैनंदिन जीवनास त्याची झळही पोहोचली नाही.

मूल्यमापन : सैनिकी खर्चाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण १९५० नंतरच्या दशकाच्या मानाने बरेच घटले आहे, तरी २०२३ मध्ये जगाच्या एकूण सैनिकी खर्चाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग अमेरिकेचा होता. अमेरिकेत सैन्याने कधीही सत्ता बळकावली नाही. त्यामुळे संविधानकर्त्यांना ज्या सेनापतीचे भय वाटत होते, तो तेथे अवतरला नाही. मात्र युद्धाचा निर्णय कठीण असावा व त्याची किंमत सर्वांना जाणवावी, हा त्यांचा दुसरा हेतू पुरेसा सफल झालेला दिसत नाही. सैन्यावर मुलकी सत्तेची हुकमत असणे आणि त्या सत्तेवर नागरिकांची जागरूक नजर असणे या दोन भिन्न गोष्टी होत. अमेरिकेच्या इतिहासात पहिली टिकली, दुसरी विरळ होत गेली.