नळीतला गर्भ आणि कुशीतले तान्हे

गर्भाशयाबाहेर रुजलेल्या गर्भातून बाळ जन्माला येते, असे जवळजवळ कधीच होत नाही. शंभर गर्भधारणांत एखाद-दोन अशा असतात आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भ गर्भनळीत अडकलेले असतात. नळीला गर्भाशयासारखे ताणता येत नाही, त्यामुळे सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटू शकते. तिथला गर्भ काढून गर्भाशयात बसवण्याचा उपाय वैद्यकाकडे नाही. उदरपोकळीत रुजलेला एखादा गर्भ मात्र क्वचित पूर्ण दिवसांपर्यंत वाढतो. त्याच्याभोवती पुरेसे पाणी नसेल तर चेहरा आणि हातपाय दबून वाकडे होऊ शकतात, फुप्फुसे अपुरी राहू शकतात. नागपूरला 2014 मध्ये साठीच्या एका बाईच्या पोटातून अशाच गर्भाचा सांगाडा काढण्यात आला. तो छत्तीस वर्षे आत होता.

तेव्हा बाळाच्या आरोग्याचा प्रश्न खरा आहे तो दोन बाळांचा: आईच्या कुशीत आधीच असलेल्या तान्ह्याचा आणि पुढे होणाऱ्याचा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून जोडपी उचल फेडायला ऊसतोडीला जातात. तिथे कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूला कळ येते, अंगावरून थोडे थोडे जाते. दिवस बुडला तर खाडा, म्हणजे दंड, लागतो, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. तान्हे अंगावर पीत असेल तर पाळी अजून सुरूच झालेली नसते. मग ती चुकली हे कळणार कसे? पोटात रक्त साचू लागले की घेरी येते आणि खांद्याचे टोक दुखते, कारण साचलेले रक्त श्वासपटलाला डिवचते. मोळ्या वाहणाऱ्या बाईला हे दुखणे श्रमाचेच वाटणार. अशी आई गेली, तर दूध तुटलेले तान्हेही धोक्यात येते.

सर्वांत मोठी फसगत कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची. ते झालेल्या बाईला दिवस क्वचितच जातात, पण गेले तर साधारण तिघींपैकी एकीचा गर्भ बाहेर असतो. ऑपरेशन झाले आहे म्हणून घरात कोणालाच शंका येत नाही. नळीला पूर्वी झालेला जंतुसंसर्ग, जननमार्गाचा क्षय आणि आधीचा नळीतला गर्भ ही इतर कारणे.

आशाताईंकडच्या किटवर उमटणाऱ्या दोन रेघा दिवस गेल्याचे सांगतात. गर्भ कुठे आहे ते सोनोग्राफीच सांगते. नळी फुटण्याआधी निदान झाले तर मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनने काम भागू शकते, मात्र ते अंगावर पाजणाऱ्या आईला देत नाहीत. तिथे शस्त्रक्रियाच बरी. नळी फुटल्यावर तर ती तातडीने लागते आणि रक्ताच्या पिशव्याही लागतात. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी 1883 मध्ये फुटलेली नळी काढून रुग्ण वाचवला, तेव्हापासून हाच मार्ग आहे.

जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. नळीतल्या गर्भावर गावात उपचार होणार नाहीत. पण कळा येणाऱ्या बाईला ‘पाळी कधी आली होती?’ असे विचारून वेळेत दवाखान्याकडे पाठवायला ओळखीचे, विश्वासाचे माणूसच लागते, आणि ते त्या कामाने गावात उभे केले.

पुढच्या बाळाची काळजी या आजारपणातच सुरू होते. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. एरवी तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये पुढच्या बाळाच्या रक्तपेशी फोडू शकतात आणि त्याला जन्मताच तीव्र कावीळ, पंडुरोग होऊ शकतो. मेथोट्रेक्सेट घेतल्यावर किमान तीन महिने दिवस राहू देत नाहीत, कारण त्या औषधाने गर्भात व्यंग येऊ शकते. ते फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणते, म्हणून नंतर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. एक नळी गेली तरी दुसरीच्या भरवशावर बहुतेकींना पुन्हा दिवस जातात. साधारण दहातल्या एकीचा गर्भ मात्र पुन्हा बाहेरच रुजतो. त्यामुळे पुढच्या खेपेस पाळी चुकताच, सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भाशयात पिशवी आणि हृदयाचे ठोके दिसतात का, हे पाहतात.