एकच दुःख, दोन वेळापत्रकं

आईचं दिवसकार्य उरकतं. थोरला वारसनोंद, बँकेचे कागद, गॅसचं कनेक्शन यांच्या मागे लागतो. धाकटीला आईचं कपाट उघडवतही नाही. त्यातल्या साड्यांना अजून डांबरगोळ्यांचा वास असतो. 'दादाला काही वाटतच नाही,' असं तिला वाटतं. 'ही किती दिवस रडत बसणार?' असं त्याला.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये शोकाचं एक प्रारूप मांडलं. मूळ विचार जोडीदार गमावलेल्यांचा होता, पण तो भावंडांनाही लागू पडतो. शोक करणारं मन झोपाळ्यासारखं दोन टोकांत हलतं: कधी गेलेल्या माणसात बुडतं, कधी बदललेल्या आयुष्याच्या कामांना भिडतं. दोन्ही हालचाली शोकाच्याच. भावाबहिणीचे झोके मात्र एका वेळी एकाच टोकाला नसतात, आणि गैरसमज तिथेच होतो.

त्यात मधला दुवाही गेलेला असतो. एकाची खबर दुसऱ्याला आईच्याच फोनवरून कळायची.

अशातच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, तरी 'माहेर तुटेल' या धास्तीने सही होते. मला हे फार क्रूर वाटतं. वारसनोंद वेळेत करावीच. पण हक्कसोडीला कायद्याने कसलीही मुदत घातलेली नाही. वर्षश्राद्धापर्यंत तो कागद काढूच नये.